उलटा ठसा

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी छापलेले ताव तपासले.
डोळ्यांआधी बोटांनी. अंगठा फिरवला की कळायचं
कुठे शाई जाड बसली, कुठे नंबर घसरलाय.
खराब ताव वेगळा, त्याची नोंद वेगळी,
आणि सुटताना गेटवर झडती,
डब्यातल्या भाकरीची घडीसुद्धा उलगडून.

म्हणून सिव्हिलमध्ये, एआरटीच्या खोलीत,
हेमांगी पगारे कागदावर वर्तुळं काढून
समजावू लागल्या तेव्हा मी म्हणालो,
ताई, वर्तुळं राहू द्या.
छापखान्यासारखं सांगा.

रक्तात एक पेशी असते. ती स्वतः मारामारी करत नाही.
ती भोंगा. ती वाजली की बाकीचे कामावर येतात.
नेमकी तीच त्याने हेरली.
एक हात कडीला, मग दुसरा शेजारच्या खिट्टीला,
दोन्ही निघाल्या की तो आपलं अंग
तिच्या अंगात मिसळून टाकतो.
कुलूप तुटत नाही. आवाज होत नाही.

त्याच्याकडे मशीन नाही, शाई नाही, कामगार नाहीत.
आहे ते एक चिठोरं,
आणि चिठोऱ्यावरून प्लेट करणारा कारागीर.

इथे मी त्यांना थांबवलं.
ताई, प्लेटवरून कागद होतो.
कागदावरून प्लेट?

हो, म्हणाल्या. उलटा आहे तो.
घाईत करतो, चुका खूप करतो, तपासायला कोणी नाही.
त्या चुकांनीच दर खेपेला त्याचा चेहरा थोडा बदलतो
आणि ओळखपरेडीतून तो सुटतो.

एकतीस वर्षं चुका पकडल्या मी.
चुकीवर पोट भरणारा कारखाना
पहिल्यांदा पाहिला, तोही माझ्याच आत.

मग ती प्लेट तो आपल्या जन्मापासूनच्या प्लेटांत
कापून, जोडून बसवतो.
पुढचं सगळं पेशीच छापते, आपलंच काम समजून.
पहिली पाळी, दुसरी, रात्रपाळी.
प्रत्येक नक्कल बाहेर पडते ती
तिच्याच कातडीचा तुकडा पांघरून.
झडती कोणाची घ्यायची?

आणि जिथे काम अर्धवट राहतं
तिथे पेशीला तो अर्धा ताव दिसतो,
ती स्वतःलाच पेटवून घेते.
धूर बघून विझवायला शेजारच्या धावतात,
त्याही त्यात सापडतात.
तुमच्या बऱ्याचशा अशा गेल्या असतील, म्हणाल्या.

मोजणी तेव्हा एकशे बारा.
तोंडात पांढरी बुरशी, आणि जेल रोडच्या डॉक्टरांनी
तीनदा ठरवलेली ॲसिडिटी.
भोंगाच बंद पडला की माणसं असतात,
मशीनही असतात,
सगळी गेटबाहेर उन्हात उभी.

कुठून आलं, ते मंदाकिनीने एकदाच विचारलं.
मी सांगितलं.
ती सायखेड्याला बहिणीकडे दोन महिने राहिली
आणि एका गुरुवारी भाजीची पिशवी घेऊन परत आली.
तिची तपासणी निगेटिव्ह. त्यावर आम्ही बोललो नाही.
भेंडी चिरत बसलो.

परवाचा कागद: व्हायरल लोड,
टार्गेट नॉट डिटेक्टेड.
म्हणजे नाही?
म्हणजे सापडत नाही, काका.
तुमच्याकडून आता कोणाला जाणार नाही,
पण काही पेशी झोपल्यात, प्लेट उशाशी घेऊन.
गोळी मशीन अडवते. झोपलेल्यांना शोधत नाही.

हे मला शिकवावं लागत नाही.
दहा हजार तावांत एकही खराब निघाला नाही
तरी 'चूक नाही' असं आम्ही कधी लिहिलं नाही.
लिहायचो 'तपासले', आणि खाली सही.

रात्री नऊला मंदाकिनी आतून म्हणते,
भोंगा झाला हो.
मी गोळी घेतो,
आणि कॅलेंडरच्या आजच्या चौकोनात
बारीक अक्षरात
सही करतो.